कठडा, पायरी आणि खिडकी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी चित्रांबद्दल बोलणार आहे. मात्र ही चित्रं तुमच्यापैकी कुणी दिवाणखान्यात लावाल असं मला वाटत नाही. त्यांत डोंगर नाहीत, नदीचे घाट नाहीत, डोक्यावर घागर घेतलेल्या बायका नाहीत. त्यांत आहेत सरकारी कचेऱ्यांचे जिने, दवाखान्यांचे व्हरांडे, एसटी स्टँडवरचे बाक, तिकिटाच्या खिडक्या आणि सिमेंटच्या जाळ्या. मी शाळेत चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. गेली वीसेक वर्षं, आधी उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आणि आता आठवड्यातले तीन-चार दिवस, मी हेच काढत आले आहे.

तुम्हाला एक साधा प्रश्न विचारते. तुम्ही ज्या पोस्टात वर्षानुवर्षं जाता, त्याला किती पायऱ्या आहेत? कठडा डाव्या हाताला आहे की उजव्या? ज्या फळीवर तुम्ही पैसे ठेवता ती लाकडाची आहे, कडप्प्याची की संगमरवराची? बहुतेकांना सांगता येणार नाही आणि त्यात तुमचा काही दोष नाही. या वस्तू नीट असल्या की लक्षातच येत नाहीत. पायरी आठवते ती ठेच लागल्यावर, कठडा आठवतो तो हात घातला आणि तिथं नसला तर. पण गंमत अशी, की इमारतीच्या याच भागांशी आपला रोजचा संबंध असतो. घुमटाकडे आपण मान वर करून पाहतो, त्याला हात कधी लागत नाही. हात लागतो कठड्याला, पाय लागतो पायरीला, पाठ टेकते ती खांबाला. सरकार नावाची जी काही मोठी गोष्ट आहे, तिला सामान्य माणूस प्रत्यक्ष शिवतो तो इथं. त्या स्पर्शात आपल्याला कसं वागवलं जातं, हे बघण्यासाठी मी ही चित्रं काढते.

आम्ही कलाशाळेत असताना निसर्गचित्रणासाठी वाईला जायचो, नाशिकला जायचो. जाता-येता एसटी स्टँडवर दोन-दोन तास बसायचो, पण वही उघडायची ती घाटावर पोचल्यावर. स्टँड हा काही चित्राचा विषय असू शकतो, असं ना आमच्या सरांना वाटलं ना आम्हाला. महाराष्ट्रात पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत गावोगाव स्टँड झाले, तालुक्याच्या कचेऱ्या झाल्या, आरोग्य केंद्रं झाली, जिल्हा परिषदेच्या शाळा झाल्या. आपल्याकडचा खेड्यातला माणूस आयुष्यात पहिल्यांदा ज्या आधुनिक इमारतीत शिरला, ती बहुधा यांपैकीच एक असणार. देवळाची आणि वाड्याची चित्रं हजारोंनी निघाली, या इमारतींची मात्र कुणी काढली नाहीत. त्या कुणी आखल्या हेही कुणाला माहीत नसतं. बांधकाम खात्यातल्या एखाद्या ड्राफ्ट्समननं टेबलावर वाकून रेघा मारलेल्या असतात आणि त्याचं नाव नकाशाच्या कोपऱ्यातल्या एका सहीत संपून जातं.

मी या वाटेला लागले ती वडिलांच्या पेन्शनच्या कागदांमुळे. त्या कामासाठी एका कचेरीत सात-आठ खेपा झाल्या. बसायला जागा नसायची, म्हणून लोक जिन्यातच बसायचे. मीही बसले आणि वेळ जाईना म्हणून समोरचा जिना काढायला घेतला. काढू लागल्यावर दिसलं, की शहाबादी फरशीच्या त्या पायऱ्या सारख्या झिजलेल्या नाहीत. कठड्याच्या बाजूला वीतभर जागेत त्या खोलगट झाल्या आहेत आणि मध्यभागी जवळजवळ कोऱ्या आहेत. याचा अर्थ काय, तर इथं येणारी माणसं कठडा धरून चढणारी होती. पेन्शनर होते, म्हाताऱ्या विधवा होत्या. मधून दोन-दोन पायऱ्या ओलांडत जाणारे थोडे. चाळीस वर्षांत कोण आलं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात मिळाली नसती, पण ती दगडात होती.

तेव्हापासून मी पायऱ्या मोजायला लागले. फ्रान्सिस्को की फ्रान्स असा कुणी गोंधळ करू नये म्हणून स्पष्ट सांगते, फ्रान्समध्ये सतराव्या शतकात ब्लोंदेल नावाचा वास्तुकार होऊन गेला. माणसाच्या चालण्याच्या पावलावरून त्यानं जिन्याचा एक हिशेब बसवला. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज साधारण साठ ते पासष्ट सेंटिमीटर भरली, की माणूस न दमता चढतो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत सार्वजनिक इमारतीच्या पायरीची उंची जास्तीत जास्त पंधरा आणि रुंदी कमीत कमी तीस सेंटिमीटर सांगितली आहे. दोनदा पंधरा आणि तीस, बेरीज साठ. हिशेब तोच. मी टेप लावून पाहते तेव्हा जुन्या सरकारी जिन्यांत हा हिशेब पुष्कळदा बरोबर निघतो. म्हणजे नाव नसलेल्या त्या ड्राफ्ट्समननं कुणा तरी म्हातारीच्या गुडघ्याचा विचार केला होता. आणि जिथं पायऱ्या कमी जागेत कोंबलेल्या असतात, तिथं जागा वाचवताना कुणाचा विचार झाला नाही, हेही टेप सांगते.

टेप आणि वही घेऊन जिन्यात बसलेल्या बाईकडे लोक संशयानंच बघतात. शिपाईमामा विचारतात, “मोजणी खात्यातून आलात का?” मी चित्र काढते म्हटलं, की त्यांचा विश्वास बसत नाही. एका आजोबांनी तर मला बजावलं, “आता लिहिताच आहात, तर वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय, तेही लिहून घ्या.” मी लिहून घेतलं. नळाचं पुढं काय झालं, ते मात्र मला कळलं नाही.

रोजच्या शहराकडे असं बघणारी मी काही पहिली नाही. ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांची चित्रं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि त्याच काळात इराणी हॉटेल, गिरणगाव, उपनगरांतली वस्ती त्यांच्या कॅनव्हासवर आली. मोठ्या चित्राला मोठा प्रसंग लागत नाही, हे मराठी माणसाला त्यांनी दाखवून दिलं. माझी वही त्यांच्या कॅनव्हासपुढं फारच लहान आहे. मी त्या शहरातला फक्त कठडा उचलला, इतकंच.

दुसरी दोन माणसं जर्मनीतली. बर्न्ड आणि हिला बेशर हे नवरा-बायको १९५९ पासून एकत्र फोटो काढत होते. कसले? तर पाण्याच्या टाक्या, कोळशाच्या खाणींवरचे मनोरे, पोलादाच्या भट्ट्या. आभाळ भरून आलेलं, सावली नाही, कॅमेरा अगदी समोर, काळा-पांढरा फोटो. अशा टाक्यांचे नऊ-नऊ, बारा-बारा फोटो ते एका चौकटीत शेजारी-शेजारी लावत. एक टाकी बघितली तर ती नुसती टाकी असते. बारा एकदम बघितल्या की डोळा आपोआप फरक शोधू लागतो. हिचे पाय बारीक आहेत, तिला टोपी आहे, ही जरा ऐटबाज आहे. १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना मोठा पुरस्कार मिळाला, तो शिल्पकलेसाठीचा होता. फोटोंना शिल्पाचा पुरस्कार! मी त्यांच्याकडून एवढंच घेतलं, की एकच खिडकी काढायची नाही, पंधरा गावांतल्या पंधरा खिडक्या काढायच्या आणि शेजारी ठेवायच्या.

त्या पंधरा खिडक्यांबद्दल सांगते. तिकिटाची, केसपेपरची, फॉर्मची खिडकी म्हणजे आपल्याकडे काय असते? भिंतीला भोक, भोकाला गज, खाली हात जाईल एवढी अर्धगोल फट. पंधरांपैकी अकरा खिडक्या अशा निघाल्या, की बेताच्या उंचीच्या माणसालाही आतल्या माणसाशी बोलायला वाकावं लागतं. आतला माणूस खुर्चीवर बसलेला असतो, फट त्याच्या सोयीनं ठेवलेली असते. बाहेरचा उभा असतो, तो मान तिरपी करून, कान फटीला लावून बोलतो. मी ही माणसं पाठीमागून काढली. पंधरा चित्रं ओळीनं लावली तेव्हा माझ्या बहिणीचा नातू म्हणाला, “आजी, हे सगळे नमस्कार का करतायत?” मुलाला दिसलं ते मोठ्यांना रोज वाकूनही दिसत नाही. कुणी मुद्दाम लोकांना वाकवायला ती फट खाली ठेवली असेल असं नाही. पण बाहेर कोण उभं राहणार आहे, याचा विचार न करता ठेवली, एवढं नक्की. हातभर वर घेतली असती तर दोघांना एकमेकांचा चेहरा दिसला असता. काही नव्या कार्यालयांत आता उघडी टेबलं आली आहेत, समोर खुर्ची असते. तिथं मी बसून पाहिलं आहे. माणसांचा आवाज खाली येतो, भांडणं कमी होतात.

खिडकीवरून जपानची एक गोष्ट आठवते. तिथं गेनपेई आकासेगावा नावाचे चित्रकार आणि लेखक होते. २०१४ साली ते वारले. १९७२ मध्ये ते दोन मित्रांबरोबर टोकियोच्या योत्सुया भागातून चालले होते. एका जुन्या इमारतीच्या भिंतीला लागून त्यांना एक जिना दिसला. डावीकडून चढायचं, वर पोचायचं आणि उजवीकडून उतरायचं. वर दारच नाही! कधी काळी असेल, ते बुजवलं असेल. पण खरी मजा पुढं आहे. त्या निरुपयोगी जिन्याचा लाकडी कठडा एका ठिकाणी मोडला होता आणि तेवढा तुकडा कुणी तरी नव्या लाकडानं नीट दुरुस्त केला होता. कुठंही न जाणाऱ्या जिन्याची कुणी काळजी घेत होतं. पुढच्याच वर्षी त्यांना एकोदा स्टेशनवर बंद केलेली तिकीट खिडकी दिसली. प्लायवूडची फळी लावून ती बुजवली होती. पण वर्षानुवर्षं पैसे आणि तिकिटं सरकवून खिडकीची फळी झिजून तिला खळगा पडलेला होता आणि प्लायवूडची खालची कड बरोबर त्या खळग्याच्या आकारात कापलेली होती. ज्या सुतारानं ती बसवली, त्यानं हजारो हातांच्या झिजेला मान देऊन ती बसवली, असंच म्हणावं लागेल.

अशा वस्तूंना आकासेगावांनी नाव दिलं ‘थॉमसन’. टोकियोच्या जायंट्स या बेसबॉल संघानं गॅरी थॉमसन नावाचा अमेरिकन खेळाडू भरपूर पैसे देऊन आणला होता. त्याची बॅट काही चेंडूला लागेना. तरी त्याला सांभाळलं जात होतं. म्हणजे उपयोग काही नाही, पण निगुतीनं जपलेला! बिचाऱ्या खेळाडूची थट्टा झाली खरी, पण त्या नावामुळे जपानभर लोक आपापल्या गल्लीतले ‘थॉमसन’ शोधून मासिकाला कळवू लागले. १९८६ साली आकासेगावा आणि त्यांच्या मित्रांनी मिळून रस्त्यांचं निरीक्षण करणारं एक मंडळच काढलं. त्यांच्यातल्या एकानं तर गटारांच्या झाकणांचा अभ्यास केला. एखाद्या समाजानं स्वतःच्या गल्लीकडे इतक्या प्रेमानं आणि थोडं हसत बघावं, याचा मला हेवा वाटतो.

आपल्याकडे गटाराच्या झाकणाची गोष्ट वेगळी आहे. चंडीगडची बिडाची झाकणं प्रसिद्ध आहेत. त्यांवर चंडीगड शहराचा नकाशाच उठावात ओतलेला आहे. ल कॉर्बुझिए या फ्रेंच-स्विस वास्तुकारानं ते शहर आखलं आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यानं १९६५ पर्यंत तिथं राहून त्यातली शेकडो कामं पुरी केली. कचेऱ्यांसाठी सागवानाच्या आणि वेताच्या खुर्च्या झाल्या, त्या स्थानिक सुतारांनी केलेल्या. चाळीस-पन्नास वर्षं कारकून त्यांवर बसले. वेत फाटला, पाय मोडला, की खुर्ची गच्चीवर. मग भंगारात लिलाव. परदेशातल्या व्यापाऱ्यांनी त्या तिथून उचलल्या, डागडुजी केली आणि त्या लंडन-पॅरिस-न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत जाऊन बसल्या. झाकणंसुद्धा गेली. एमी सीगल या अमेरिकन कलावतीनं २०१३ साली या खुर्च्यांवर एक चित्रपट केला. तो उलटा चालतो. आधी आलिशान दिवाणखाना, मग लिलावघर, मग दुरुस्तीचा कारखाना, मग जहाज आणि सगळ्यात शेवटी चंडीगडची कचेरी, जिथं अशाच खुर्चीवर अजून कुणी तरी बसून काम करतो आहे. नंतर तिनं तो चित्रपटही लंडनमध्ये लिलावात विकला, म्हणजे बाजाराची वाट तिच्या कलाकृतीनंही चालून दाखवली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं या वस्तू विकायला आणि परदेशी पाठवायला बंदी केली, पण तोवर पुष्कळ काही गेलं होतं.

या गोष्टीत परदेशी माणसांवर राग काढून काही होणार नाही. ज्या वस्तूला आपण भंगार म्हटलं, तिच्याकडे दुसऱ्यानं बघितलं, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या इमारतींचं भाग्यही फार वेगळं नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ साली ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभा राहिला. वास्तुकार राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज. पोलाद महाग होतं, म्हणून एवढा मोठा सांगाडा काँक्रीटमध्ये, जागेवर, मजुरांच्या हातांनी ओतून केला. जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासला. एप्रिल २०१७ मध्ये तो पाडला. तो वारसा ठरू शकत नाही, कारण त्याला साठ वर्षं झालेली नाहीत, असं वारसा समितीचं म्हणणं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ साली जागतिक वारशाचं स्थान मिळालं, चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलाला २०१६ साली, मुंबईतल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली. याचा आनंदच आहे. पण तालुक्याच्या दवाखान्याचा व्हरांडा कुठल्या यादीत येणार? तो कधीच येणार नाही. त्याचं रक्षण करायला यादी उपयोगाची नाही, तिथं रोज येणाऱ्यांची नजरच हवी.

आता एका व्हरांड्याबद्दल सांगते, म्हणजे मी एवढं का बोलते आहे ते कळेल. जिल्ह्याच्या गावातलं एक सरकारी रुग्णालय, साठच्या दशकातलं. बाह्यरुग्ण विभागापुढं लांबलचक व्हरांडा. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीचा, वर कडप्पा घातलेला कट्टा आणि पश्चिमेच्या बाजूला कट्ट्याच्या वर छतापर्यंत सिमेंटची जाळी. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं, लोखंड जपून वापरायचं. खिडक्यांच्या चौकटी आणि काचा घेण्यापेक्षा साच्यात जाळीचे ठोकळे पाडणं स्वस्त पडायचं. पण त्या स्वस्ताईत शहाणपण होतं. दुपारचं ऊन जाळीत तुटून आत यायचं, वारा अडायचा नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसायचं नाही.

रुग्णालयाचं नूतनीकरण ठरलं. कट्टे तोडायचे, गुळगुळीत टाइल बसवायची, स्टीलच्या जोडखुर्च्या ठेवायच्या आणि जाळी काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावायच्या. मी अकरा दिवस सकाळी तिथं जाऊन बसले आणि कट्टा काढला. कट्टा म्हणजे कट्ट्यावरची माणसं. तापानं फणफणलेलं पोर आडवं झोपवलेलं. नळी लावलेल्या म्हाताऱ्याशेजारी त्याचं गाठोडं. भाकरी सोडून बसलेलं अख्खं कुटुंब. खांबाच्या आडोशाला, जाळीकडे तोंड करून बाळाला पाजणारी आई. खुर्चीवर एक माणूस बसतो. कट्ट्यावर माणूस, त्याचं आजारपण, त्याची पिशवी आणि त्याच्याबरोबर आलेला नातेवाईक, असे सगळे बसतात. शिवाय खुर्च्यांना मधे हात असतात, म्हणजे आडवं व्हायचं नाही. तासाला मी माणसं मोजत होते. गर्दीच्या वेळी दोन्ही कट्ट्यांवर मिळून साठ-सत्तर माणसं असायची. नव्या नकाशात खुर्च्या होत्या चोवीस.

ही चित्रं घेऊन मी तिथल्या शाखा अभियंत्याला भेटले. तरुण मुलगा होता, सभ्य होता. त्यानं एकेक पान उलटून पाहिलं आणि नकाशा काढला. मग म्हणाला, “मॅडम, इथं तर कट्टा दाखवलेलाच नाही. नुसती भिंतीची रेघ आहे.” मीही पाहिलं. खरंच, जुन्या नकाशाच्या त्या प्रतीत कट्टा नव्हता. दोन रेघांमधलं अंतर जरा जास्त होतं, बस. पन्नास वर्षं हजारो माणसं ज्यावर बसली, झोपली, जेवली, रडली, ती वस्तू कागदावर अस्तित्वातच नव्हती. मग ती तोडायला कुणाची परवानगी लागणार?

शेवट गोड झाला असं मी सांगणार नाही. त्या मुलानं वर लिहिलं, पाठपुरावा केला आणि एका बाजूचा कट्टा राहिला. दुसऱ्या बाजूला खुर्च्या आल्या. जाळी मात्र गेली. आता खिडक्यांवर ऊन येतं म्हणून पडदे लावले आहेत, पडदे लावल्यावर अंधार होतो म्हणून दिवसा दिवे लागतात आणि वारा नाही म्हणून पंखे फिरतात. वीज गेली की मावशी पुठ्ठ्यानं वारा घालतात. नव्या टाइलवर पावसाळ्यात पाणी आलं की गोणपाट अंथरावं लागतं. जुनी शहाबादी खरबरीत होती, दिसायला काळवंडलेली होती, पण तिच्यावर पाय सरकत नव्हता.

कुणी म्हणेल, बाईंना जुनं ते सोनं वाटतं. तसं नाही आणि याचं श्रेय माझ्या एका मैत्रिणीला आहे. आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. लहानपणीच्या पोलिओमुळे त्या कुबड्या घेऊन चालतात. माझ्या जिन्यांच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन भरलं होतं, ते बघून त्या म्हणाल्या, “छान काढलेत. पण तुमचा हा जिना मला भिंतीसारखा दिसतो.” त्या दिवसापासून माझ्या वहीत उतार आले, ज्याला आपण रॅम्प म्हणतो ते. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, हा त्याचा साधा हिशेब आहे. ज्या इमारतींचं मी एवढं कौतुक करते, त्यांतल्या बहुतेकींत उतार नव्हताच. ‘सुगम्य भारत’ मोहीम डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ साली झाला आणि उतार बांधले जाऊ लागले. ही फार चांगली गोष्ट झाली. पण तेही जवळ जाऊन बघावे लागतात. मी काढलेल्या उतारांपैकी एकाच्या वरच्या टोकाला कुलूप लावलेलं सरकतं दार आहे. एकावर स्कूटर लावलेल्या असतात. एक इतका चढा आहे, की चाकाची खुर्ची ढकलणारा माणूसच मागं घसरेल. कागदावर तिन्ही ठिकाणी ‘उतार आहे’ अशी नोंद असणार. कट्टा होता आणि कागदावर नव्हता. उतार कागदावर आहे आणि नाही. दोन्ही गोष्टी कळतात त्या जागेवर जाऊन बसल्यावरच.

मला विचारतात, यासाठी चित्र कशाला, मोबाइलवर फोटो काढला की झालं. फोटो मीही काढते. पण फोटोला क्षण पुरतो आणि कट्टा काढायला सकाळ जाते. त्या सकाळीत कोण येतं, कुठं टेकतं, कशाला धरतं, कुठं अडखळतं हे डोळ्यांदेखत घडतं. शिवाय वही घेऊन बसलेल्या माणसाशी लोक बोलतात. कठड्याच्या शेवटच्या टोकाला सुतळी गुंडाळलेली का आहे, हे मला एका शिपाईमामांनी सांगितलं. कठडा शेवटच्या पायरीच्या आधीच संपतो, म्हातारी माणसं तिथं चुकतात, म्हणून हाताला खूण लागावी यासाठी त्यांनीच ती बांधली होती. हे कुठल्याही फोटोत आलं नसतं.

श्रोत्यांमध्ये शिक्षक असतील, पालक असतील. त्यांना एक विनंती करते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मुलं फुलदाणी काढतात, कापडाच्या चुण्या काढतात, ते जरूर काढू दे. पण एक दिवस त्यांना शाळेच्याच जिन्यात बसवा. पायरी मोजू दे, कठडा कुठं गुळगुळीत झालाय ते हात फिरवून बघू दे, पाण्याच्या नळाची उंची पहिलीतल्या मुलाला पुरते का ते बघू दे. मग त्यांना विचारा, यात काय बदलायला हवं आणि काय मुळीच बदलू नये? मुलं फार नेमकी उत्तरं देतात. ती उत्तरं लिहून घ्या आणि शाळेच्या दुरुस्तीसाठी अभियंता येईल, तेव्हा चित्रासकट त्याच्या हातात द्या. नकाशात नसलेल्या गोष्टी नकाशात यायला सुरुवात अशीच होईल.